सत्तावीस शेवटच्या ओळी

१

"किळस आली म्हणून तोंड फिरवायचं नाही, ताई. आधी नीट बघायचं. हात काय, नंतर धुता येतात."

सिस्टरांचं हे बोलणं लेखक मंडळाच्या लिखाणाच्या महिन्याच्या पहिल्या दिवशीचं. वाचनालयाच्या वरच्या खोलीतलं कपाट उघडलं, तर खालच्या कप्प्यात मेलेला उंदीर निघाला, बऱ्याच दिवसांचा. डेंटिस्ट नाकाला रुमाल लावून थेट जिन्यापर्यंत गेला. सर "अरे अरे अरे" करत खुर्चीवर चढले. आणि सत्तरी ओलांडलेल्या, डोळ्यांनी निम्म्याहून अधू झालेल्या सिस्टरांनी जुना पेपर मागितला, चाचपडत उंदीर त्यात गुंडाळला आणि पुडी बांधावी तसा बांधून बाहेर नेला. चाळीस वर्षं इस्पितळात काढलेल्या बाईला उंदराचं काय!

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी साडेनवाला मोरीतल्या बादलीपुढे उभ्या असताना ताईंना ते वाक्य आठवलं. आठवलं नसतं तर त्यांनी तोंड फिरवलं असतं.

बादलीत आदल्या संध्याकाळचं फरशी पुसलेलं पाणी होतं. एरवी ते राखाडी असतं, आज काळंजांभळं झालं होतं. वर केसांचा एक पुंजका आणि कसली तरी बुळबुळीत साय. फिनेलच्या वासाखालून कुबट, सडकट असा दुसराच वास येत होता. आणि मधोमध, फुगून दुप्पट झालेली, सिस्टरांची वही.

ताईंनी बाही वर केली आणि हात घातला. पानं पानांसारखी आलीच नाहीत, लगदा बोटांच्या फटींतून गळून पडला. सिस्टर शाईच्या पेनानं लिहायच्या, जाड निबाच्या, म्हणजे निदान लिहितोय ते काळं काही तरी दिसावं. बॉलपेनानं लिहिलं असतं तर काही तरी वाचलं असतं. शाईनं काहीच राखलं नव्हतं.

"मी नाही हो ताई!" झाडलोट करणाऱ्या काकू दाराशी रडकुंडीला आल्या होत्या. "काल सहाला फरशी पुसली, बादली इथे ठेवली. रोज सकाळीच ओतते मी. साडेसातला खोलीला कुलूप लावलं तेव्हा मोरीत बघितलंसुद्धा नाही. आणि हे बघा, हे तर नवलच."

काकूंनी कोपऱ्याकडे बोट केलं. पोछा बादलीतून काढून भिंतीला टेकवून ठेवला होता, आणि त्याच्याखाली वर्तमानपत्राचा कागद अंथरला होता, चौकोनी घडीचा.

"बावीस वर्षं झाडते इथे. पोछ्याला कुणी अंथरूण घातलेलं आजवर पाहिलं नाही!"

ताई काही बोलल्या नाहीत. बोलणार कशा? दुपारी बारापर्यंत मौन आणि दिवसातून एकच जेवण, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं व्रत. त्यांनी लगदा एका परातीत काढला, झाकला, हात धुतले. तीनदा धुतले तरी वास गेला नाही.

आणि पायरीवर बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे आपल्यामुळेच झालं असणार.

२

लेखक मंडळाचा बेत साधा होता. तीस दिवस, पन्नास हजार शब्द, प्रत्येकाची एक कादंबरी. महिनाभर मागे वळून वाचायचं नाही, खोडायचं नाही. रोज चारला वरच्या खोलीत जमायचं, फळ्यावर दिवसाचे शब्द लिहायचे आणि त्या दिवशीच्या लिखाणाची फक्त शेवटची ओळ मोठ्यानं वाचायची. बाकी कुणी कुणाचं काही ऐकायचं नाही, वाचायचं नाही. टाइप करणाऱ्यांनी दर आठवड्याला छापील कागद पाकिटात बंद करून ताईंकडे द्यायचे. हातानं लिहिणाऱ्या एकट्या सिस्टर. त्या दुपारी इथेच बसून लिहीत, म्हणून त्यांची वही खोलीतल्या कपाटात राही, रविवारी तेवढी घरी जाई.

ताई स्वतः लिहीत नव्हत्या. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, म्हणून त्यांना साक्षीदार केलं होतं. रोजचे आकडे आणि रोजच्या शेवटच्या ओळी त्या एका रजिस्टरात उतरवून ठेवत.

लिहिणारे मोजून चार. मंडळाचे प्रमुख सर, निवृत्त प्राचार्य. डेंटिस्ट. सिस्टर. आणि सिस्टरांची भाची, जी त्यांना हात धरून आणायची आणि पाच वाजता घेऊन जायची. अंधारून आलं की सिस्टरांना पायरीसुद्धा दिसत नसे. त्यामुळे सिस्टरांची ओळ पहिली, भाचीची दुसरी, आणि मग दोघी घरी. बाकीच्यांचं वाचन त्यांच्या माघारी व्हायचं.

काल, सत्ताविसाव्या दिवशी, सिस्टर उठताना म्हणाल्या होत्या, "ताई, मी काय लिहिलंय ते मलाच एकसलग कळलेलं नाही गं. माझं अक्षर आता मलाच लागत नाही."

ताई सगळ्यांसमोर म्हणून गेल्या, "तिसाव्या दिवशी मी तुमची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवीन. इथेच, सगळ्यांना. शब्द दिला."

आणि रात्र उलटायच्या आत वही बादलीत.

बातमी कळताच दहापासून एकेक जण येत गेला. ताई मौनात आहेत हे सगळ्यांना माहीत. पण गप्प बसलेल्या माणसापुढे लोक किती बोलतात, हे ताईंनाच माहीत.

सर आले, परात उघडून बघितली, झटकन झाकली. "शी! काय हा प्रकार! ताई, एक सांगतो, ही गोष्ट बाहेर जाता कामा नये. समारोपाला पाहुणे बोलावलेत मी. पेपरवाले येणारेत. अं? तुमचं काय मत?... हो, मौन. बरोबर. काल मी सहानंतर खाली वर्तमानपत्रं वाचत होतो, साडेसातपर्यंत. वर आलोच नाही. म्हणजे एकदा आलो, फळ्यावरचा माझा आकडा जरा नीट करायला. सोळाशेचा सतराशे. गाळलं होतं काही तरी. तुम्ही असं बघू नका हो माझ्याकडे."

ताईंनी बघणं सोडलं नाही. सरांना घाम फुटला आणि ते खाली गेले.

भाची आली ती ओठ मुडपून. "वाईट झालं. झालंच. पण ताई, खरं सांगू? मनातून सुटल्यासारखं वाटलं. मावशीनं आमच्या घरातलं सगळं काढलं असणार त्यात. तिचं लग्न मोडलं ते, माझ्या आईनं तिचे दागिने ठेवून घेतले ते. मला सासरी तोंड दाखवायचंय! काल मी परत आले होते वर, मावशीच्या चष्म्याचं घर राहिलं होतं. कपाटाची किल्ली काय, दारामागच्या खिळ्याला असते, सगळ्या जगाला ठाऊक. पण मी नाही हात लावला. तुम्हाला काय वाटायचं ते वाटू दे."

डेंटिस्ट सगळ्यांत शेवटी आला. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत स्वच्छ. त्यानं परातीकडे बघितलंच नाही, दाराशीच उभा राहिला. "फार वाईट. फारच. मी तर काल खाली पुस्तक बदलत होतो. ताई, तो वास... खिडकी उघडा ना. मी तर म्हणेन, एका अर्थी सुटका झाली बिचारीची. त्या वयात, तसल्या डोळ्यांनी... आणि वही आधीपासूनच कशी तेलकट, वास मारणारी. दोन-दोन पानं चिकटलेली. असो. आज माझे दीड हजार शब्द व्हायचेत."

तिघांपैकी एकानंही विचारलं नाही, की सिस्टरांना कुणी सांगितलं का.

रोजच्या प्रार्थनेत ताई एकच मागत, कुणाविषयी मनात घाण साठू देऊ नकोस. आज ते मागणं मागून होईना.

३

बाराचे ठोके पडल्यावर ताई सिस्टरांच्या घरी गेल्या. दोन खोल्या, एका खिडकीशी खाट, आणि सगळं हाताच्या अंतरावर मांडलेलं. तांब्या, औषधाची बाटली, काठी.

ताईंनी सांगितलं. फिरवून फिरवून सांगणं त्यांना जमलं नाही.

"किती भिजली?" सिस्टरांनी विचारलं.

"सगळी."

"आतली पानंसुद्धा?"

"सगळी, सिस्टर."

सिस्टर पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात दोन महिने. मग उजेड आणि अंधार तेवढा कळेल. दुसऱ्यांदा लिहिणं व्हायचं नाही."

"घरातलं लिहिलं होतं का हो? भाची म्हणत होती."

"घरातलं?" सिस्टर चक्क हसल्या. "तिला वाटतं जग तिच्या आईच्या दागिन्यांवर चालतं. अगं, मी वॉर्ड लिहिला. पुरुषांचा वॉर्ड, वीस खाटा. नऊ नंबरला एक माणूस होता, सात महिने. त्याला भेटायला कुणीसुद्धा आलं नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी मी त्याला कुशीवर वळवायची. एकदा म्हणाला, 'सिस्टर, मी इथे होतो हे कुणाला तरी सांगाल ना?' मी हो म्हटलं. कामाच्या गडबडीत तीस वर्षं गेली. आता डोळे निघाले जायला, तेव्हा म्हटलं सांगून टाकावं."

ताईंनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून त्यांच्या हातात दिलं.

"तू वाचून दाखवणार होतीस," सिस्टर म्हणाल्या. "तेवढ्यानं माझं काम झालं असतं. त्याचंही."

जिना उतरताना ताईंच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. ज्याला ही वही नको होती, त्यानं ती चोरून का नेली नाही? पाण्यातच का बुडवली? वही नाहीशी झाली तर लोक शोधतात. भिजली तर कुणी शोधत नाही, हळहळून सोडून देतात. म्हणजे त्याला वही लपवायची नव्हती. कुणी ती वाचू नये, एवढंच त्याला हवं होतं. एक तर आतलं उघड होण्याची भीती, नाहीतर आतलं आपण उचललंय हे उघड होण्याची.

४

घरी येऊन ताईंनी रजिस्टर उघडलं आणि लाल पेन्सिल हातात घेतली. त्यांची ही जन्माची सवय, ओळीखाली बोट ठेवून जायचं, घाई करायची नाही.

आधी सर. सोळाशे. सतराशे. अठराशे. पुन्हा सतराशे. सत्तावीस दिवसांत एकही आकडा पुऱ्या शंभराखेरीज नाही. शब्द मोजल्यावर कधी असे साबणाच्या वड्यांसारखे सारखे येतात? सर लिहीत नव्हते. फळ्यावर आकडे मांडत होते आणि एखादी शेवटची ओळ तेवढी जुळवून आणत होते. पाकिटंही हातात घेतली तर हलकी लागत. किळसवाणंच, पण एका गोष्टीचा उलगडा झाला. दुसऱ्याची कादंबरी हाताशी असलेला माणूस खोटे आकडे कशाला लिहील?

भाची. तिला भीती होती घरच्या गोष्टींची, आणि वहीत त्यातलं अक्षरही नव्हतं. म्हणजे तिनं वही उघडलीच नव्हती. शिवाय दर रविवारी वही तिच्याच पिशवीतून घरी जायची. नष्टच करायची तर तिला वाचनालयातली बादली कशाला हवी होती?

राहिला डेंटिस्ट. पहिले सात दिवस दोनशे, दीडशे, नव्वद. आठव्या दिवसापासून एकदम दोन हजार, बावीसशे. शेवटच्या आठवड्यात तर चार-चार हजार, कुणाला तरी गाठायचं असल्यासारखे. कादंबरी तुरुंगातली. सर म्हणाले होते, "फॉर्म सापडला तुम्हाला!"

ताईंचं बोट त्याच्या ओळींवरून खाली सरकत गेलं आणि सोळाव्या दिवसावर थांबलं.

'बारा नंबरच्या कैद्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, हे नव्या शिपायाला कुणी सांगितलंच नव्हतं.'

कोणत्या तुरुंगात कैद्याला कुशीवर वळवतात?

ताई पुढे गेल्या. एकोणिसावा दिवस: 'बारा नंबरचा कैदी पहाटे गेला, त्याचं सामान कोठडीबाहेर काढून ठेवलं.' विसावा दिवस: 'बारा नंबरनं खिडकी उघडायला सांगितली, म्हणाला, आज मला समोरचं झाड बघायचंय.'

आधी मेला आणि मग झाड बघायला उठला. त्या दिवसाची खोली ताईंना लख्ख आठवली. सर टेबलावर थाप मारून ओरडले होते, "वा! काळाची मोडतोड! याला म्हणतात आजचं लेखन!" डेंटिस्ट मान खाली घालून लाजला होता. टाळ्या वाजल्या होत्या.

आणि बाराव्या दिवशीच्या सिस्टरही आठवल्या, निघताना कानाशी येऊन कुजबुजलेल्या. "ताई, काल दोन पानं एकदम उलटली गेली बघ. मधली कोरीच राहिली. आज बोटांना लागली. वाया कशाला घालवायची म्हणून आजचं तिथेच लिहिलं. एक मरण होतं, तेवढ्या जागेत मावलं. खूण करायची राहिली. वाचशील तेव्हा आधी पुढची पानं वाच, मग ही." आणि ताईंनी म्हटलं होतं, "मी लावीन बरोबर क्रम."

हे दोघींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. वही पानामागून पान उतरवत गेलेल्या माणसालाही नाही.

'दोन-दोन पानं चिकटलेली.' कपाटातल्या बंद वहीची पानं कुणाला कशी दिसली?

ताईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली. सगळ्यांत जास्त किळस त्यांना स्वतःच्याच तळहातांची आली. त्या दिवशी त्यांनीही टाळ्या वाजवल्या होत्या.

५

एकोणतिसाव्या दिवशी चारला सगळे जमले. ताईंनी सिस्टरांना शेवटपर्यंत थांबायला सांगितलं होतं, आणि दिवे दुपारपासूनच लावून ठेवले होते. टेबलावर रजिस्टर होतं आणि बंद पाकिटं.

"आज शेवटच्या ओळी नंतर," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पुढे वाकून ऐकावा लागेल असा. "मी एक पाकीट उघडणार आहे."

"अहो ताई, नियम!" सर म्हणाले. "तिसाव्या दिवसाआधी..."

"नियम मोडल्याची नोंद मीच करीन, सर. आकड्यांच्या नोंदीही मीच ठेवते ना."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ताईंनी डेंटिस्टचं तिसऱ्या आठवड्याचं पाकीट फोडलं.

"हे काय चाललंय?" डेंटिस्ट उठला.

"बसा हो. तुमचंच वाचतेय." आणि ताईंनी वाचलं. "'बारा नंबरची नाडी पहाटे चारला लागेना. हवालदारानं घड्याळ बघितलं, मग त्याचे डोळे मिटले. गळ्यापर्यंत ओढलेली चादर काढली आणि घडी घातली.' इथे परिच्छेद संपतो."

"नाही संपत," खुर्चीतून सिस्टर म्हणाल्या.

सगळे वळले. सिस्टरांचे दोन्ही हात काठीवर होते आणि नजर कुठेच नव्हती.

"'घडीत अजून ऊब होती, म्हणून ती लगेच धुवायला टाकली नाही.' असं आहे ते. आणि हवालदार कुठला? मी होते तिथे. आणि तो नऊ नंबर."

ताईंनी रजिस्टर उघडून टेबलाच्या मध्यावर सरकवलं. "बारावा दिवस. सिस्टरांची शेवटची ओळ. सर, वाचा."

सरांनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांचा आवाज बसला. "'घडीत अजून ऊब होती...'"

"एक ओळ जुळली म्हणून?" डेंटिस्टचा आवाज चढला. "योगायोग असतो! असतो की नाही, सर?"

"जुळली नाही, गाळली," ताई म्हणाल्या. "सिस्टरांच्या शेवटच्या ओळी आपण सगळ्यांनी ऐकल्या होत्या, म्हणून त्या तुम्हाला घेता येईनात. तेवढ्या उपटल्या. बाकी सगळा जबडा जागच्या जागी. आता मी तुमच्या कागदात खड्डा आला की थांबते, आणि रजिस्टरातली ओळ वाचते. बसते की नाही, तुम्हीच बघा. दात बसवायचं काम तुमचंच आहे."

त्या वाचत गेल्या. एक खड्डा, एक ओळ. दुसरा खड्डा, दुसरी ओळ. कधी रजिस्टराआधी सिस्टरच म्हणून जायच्या. भाचीनं तोंडावर हात घेतला होता. सहाव्या ओळीला डेंटिस्ट म्हणाला, "पुरे."

"आणि मेलेला माणूस दुसऱ्या दिवशी झाड बघायला उठला तो का," ताई थांबल्या नाहीत, "तर सिस्टरांकडून दोन पानं एकदम उलटली गेली होती. मागाहून त्यांनी ती भरली. तुम्ही आपले पानामागून पान उतरवत गेलात."

"म्हणजे ते तंत्र..." सर पुटपुटले.

"तंत्र नव्हतं, सर. एका बाईला दिसत नव्हतं."

डेंटिस्टनं खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसायला लागला, एकेक करून, नखांपर्यंत. "तुम्हाला काय वाटतं, हे कुणी वाचलं असतं? ते अक्षर? तो कळकट वॉर्ड, ती बेडपॅनं? मी त्याला आकार दिला. मी ते स्वच्छ केलं. तुम्ही परवा सगळ्यांसमोर वाचणार म्हणालात, मग माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता." मग एकदम चिडून, "आणि त्या घाणेरड्या पाण्यात हात घालताना मला काय झालं असेल, याचा विचार केलात कुणी?"

"पोछ्याखाली कागद मात्र अंथरलात," ताई म्हणाल्या. "फरशी खराब होऊ नये म्हणून."

६

तो गेला. जाताना पायपुसण्याला चपला पुसून गेला.

सरांनी घसा खाकरला. "झालं ते झालं. ताई, आपण हे आपसात मिटवू. समारोप तोंडावर आलाय. मंडळाचं नाव... आणि ते आकड्यांचं, तुम्ही..."

भाची सिस्टरांच्या खुर्चीपाशी खाली बसली होती. "मावशी, म्हणजे घरातलं काहीच नाही त्यात? अगं मग आधी नाही का सांगायचंस! छापून येईल का गं ते? मी तुला रोज आणत होते, नेत होते, हे लिहिलंयस ना कुठे?"

ताईंना वाटलं, उठावं, हात धुवावेत आणि या जिन्याला पुन्हा पाय लावू नये. त्या उठल्याही. फळ्यापाशी गेल्या. डेंटिस्टच्या खान्यातले आठव्या दिवसापासूनचे सगळे आकडे पुसले. सरांच्या खान्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. समारोप सरांनी खुशाल करावा, साक्षीदाराची सही त्यांना मिळणार नव्हती.

"ताई," सिस्टर म्हणाल्या, "त्याच्या त्या कागदांत माझं किती आहे?"

"तुमच्या ओळी सोडून सगळंच. परवापर्यंतचं."

"आणि ओळी तुझ्याकडे."

"हो."

ताईंनी टेबलावरचे ते कागद बघितले. गुळगुळीत, शुभ्र, समासासकट नेटके. बादलीतला लगदा त्यांनी उघड्या हातानं काढला होता, पण या कागदांना बोट लावायचं म्हटलं तर हात पुढे होईना. बाईची चाळीस वर्षं धुऊन, इस्त्री करून, दुसऱ्याच्या अंगावर चढवलेली. आणि तीच आता तिची एकुलती एक प्रत.

आधी नीट बघायचं. हात काय, नंतर धुता येतात.

त्यांनी डेंटिस्टची सगळी पाकिटं उचलली आणि रजिस्टरासोबत पिशवीत घातली.

तिसाव्या दिवशी पहाटेच त्या टेबलाशी बसल्या. मौन होतं, त्यामुळे कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नव्हती. लाल पेन्सिलीनं एकेक ओळ घेतली. कैदी खोडला, वर पेशंट लिहिलं. कोठडीचा वॉर्ड केला. हवालदार जिथे जिथे होता तिथे सिस्टर आली. बारा नंबरचा नऊ झाला. जिथे खड्डा होता तिथे समासात रजिस्टरातली ओळ चढली, सत्तावीसच्या सत्तावीस. खिडकी उघडण्याची पानं आधी घेतली, चादरीच्या घडीची नंतर. झाड बघून मग तो माणूस गेला, जसा गेला होता तसा. पान लालेलाल होत गेलं, आणि जसं लाल झालं तसं ते हातात धरवायला लागलं. काही जागा राहिल्या. तुरुंगाची भिंत, पहारेकऱ्याची शिट्टी, असलं पदरचं घातलेलं. तिथे ताईंनी फक्त बारीक फुली केली. ते सिस्टरांनाच विचारायचं होतं.

बारा वाजायला वीस मिनिटं असताना शेवटचं पान झालं. ताईंनी कागद सारखे केले, जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधले, हात धुतले. दिवसाचं एकुलतं एक जेवण ताटाखाली झाकून ठेवलं होतं. ते आल्यावर. वरच्या खोलीत सर पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडून घेत असतील. पण सिस्टरांना दुपारच्या उन्हात अजून थोडं दिसतं, आणि शब्द दिला होता तो त्यांना.

दाराला कडी घालून ताई पायऱ्या उतरल्या. पहाटेपासून तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. तिथे पोचेपर्यंत बारा वाजले असते, आणि दिवसाचं पहिलं वाक्य बोलायचं ते सिस्टरांचंच, पहिल्या पानावरचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. पिशवी छातीशी धरून, उन्हाच्या बाजूनं, त्या चालू लागल्या.